डूर

आर्ब्रोथच्या हाय स्ट्रीटवर, औषधांच्या दुकानात,
माझ्या पहिल्याच सोमवारी
व्हारी कपाटाआडून कुजबुजली,
मिस्टर स्ट्रॉनकडे हनुवटी उडवत:
ते ना, डूर आहेत.
मला ऐकू आलं, दूर.
बघितलं तर समोरच होते,
हातभर अंतरावर,
बाटलीवरचं तिरकं लेबल
नखानं सोलून पुन्हा सरळ लावत.

रात्री शब्दकोशात सापडला.
कठोर, करडा, हटवादी, हसू न फुटणारा.
लंडनकडे त्याला डावर म्हणतात.
तसं म्हणून पाहिलं दुसऱ्या दिवशी,
तर व्हारी म्हणाली, त्यांच्याकडे नुसता शब्द आहे गं,
माणसं आमच्याकडे आहेत.

आणि माणसंच असं नाही.
नांगराला दाद न देणारी जमीन डूर.
नऊ वाजले तरी उजाडायचं मनावर न घेणारी
जानेवारीतली सकाळ, तीही.
व्हारीचा बाप नदीवरून रिकाम्या हातानं येतो
आणि दारातच सांगतो, मासे डूर होते आज.
म्हणजे गळाशी येतात,
बघतात,
आणि जातात.

मी माझ्याकडचे शब्द त्यांना लावून पाहिले.
कडक? पण कडक तर चहा असतो,
इस्त्री असते, पत्रिकेतला मंगळ असतो,
आणि माझा भाचा हल्ली कुठल्याही बुटांना कडक म्हणतो.
खडूस म्हणताना आपल्यालाच जरा हसू येतं.
घुमा म्हणावं, तर घुम्याच्या पोटात काही शिजत असतं.
कर्मठ जवळ आला होता,
पण त्याला सोवळ्याचा वास.

अठ्ठावीस गोळ्या. पाच-पाच करत मोजायच्या,
मग उलट्या बाजूनं. मग पुन्हा.
बरोबर आल्या तरी पुन्हा.
मी मराठीत मोजते, ओठ हलतात,
ते बघतात, विचारत नाहीत.
माझं आडनाव मात्र पहिल्या दिवशी तीनदा विचारून
वहीत लिहून घेतलं होतं त्यांनी.
आख्ख्या गावात मी मिस गायसस,
फक्त त्यांच्या तोंडी घैसास,
'घ' पोटातून, जड गोणी उचलावी तसा.

नोव्हेंबरात एकदा हिशेब जुळेना.
पाचाच्या जागी दहाच्या गोळ्या गेल्या होत्या
मिसेस पेट्रींच्या पिशवीत,
माझ्या हातून.
मी बोलायच्या आत त्यांनी कोट चढवला होता.
बाहेर पाऊस की बर्फ ते ठरत नव्हतं.
मिसेस पेट्री राहतात खाली बंदराशी,
जिथे मागच्या अंगणांत हॅडॉक टांगून धुरी देतात.
पाऊण तासानं परत आले,
भुवया ओल्या, कोटाला धुराचा वास.
काउंटरवर कागदी पिशवी ठेवली.
उघडली नव्हती, म्हणाले.
आणि रजिस्टर ओढून घेतलं:
बदलून दिले, पाच चाळीस, खाली त्यांची आद्याक्षरं.
माझं नाव कुठे नाही.

मला वाटलं, उद्या बोलतील.
उद्या म्हणाले, मिस घैसास, पुन्हा मोजा.
परवाही तेच.
त्या दिवसाबद्दल आजतागायत चकार शब्द नाही.
कधीकधी वाटतं, ओरडले असते तर बरं झालं असतं,
ओरडून झालं की संपतं तरी.

यंदा माझा तिसरा हिवाळा.
रुअरी नावाचा मुलगा आलाय शिकायला,
कानात बाळी, हात भराभर चालतात.
अठ्ठावीस, म्हणतो.
मी म्हणते, पुन्हा.
अठ्ठावीसच आहेत की.
पुन्हा.

कपाटाआड व्हारी कुजबुजते,
तोच शब्द, तीच हनुवटी असणार.
मी मान वर करून मिस्टर स्ट्रॉनना शोधते.

आज गुरुवार.
गुरुवारी ते एक वाजताच घरी जातात.

पाच. दहा. पंधरा.